श्वास मोजणारा योगी : स्वामी कुवलयानंद

दरवर्षी २१ जूनला संयुक्त अरब अमिरातीत योगदिनाचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर होतात. दुबई, अबुधाबी, शारजा येथील सभागृहांतून भल्या पहाटे चटया अंथरल्या जातात आणि कार्यालयीन धावपळीत वर्षभर गुंतलेली आपली मंडळी त्या दिवशी तरी डोळे मिटून स्वस्थ बसतात. अशा वेळी व्यासपीठावरून एक सूचना बहुधा हमखास ऐकू येते. दीर्घ श्वास घ्या, म्हणजे शरीराला अधिक प्राणवायू मिळेल, असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला ते पटतेही. कारण प्राणायाम या शब्दातच प्राण आहे, आणि ऑक्सिजनला मराठीत आपण प्राणवायू म्हणतो.

ही समजूत खरी आहे का, असा प्रश्न सुमारे ९० वर्षांपूर्वी एका मराठी योग्याने विचारला. तो विचारून ते थांबले नाहीत. लोणावळ्याला प्रयोगशाळा उभारून त्यांनी उच्छ्वासातली हवा पिशव्यांत साठवली, तिचे पृथक्करण केले आणि जे उत्तर आले ते स्वतःच्याच परंपरेतील रूढ समजुतीला धक्का देणारे असूनही छापून प्रसिद्ध केले. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद. योगाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. पण आज त्यांची आठवण काढण्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही. श्वास कोण चालवतो, आणि प्राणवायू कमी पडला तर त्याची जाणीव आपल्याला कशी होते, हा प्रश्न जलतरण तलावाशी, समुद्राशी आणि उंच डोंगरांशी संबंध असलेल्या प्रत्येकाच्या जिवाशी निगडित आहे.

बडोदा ते अंमळनेर

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी त्यांना बरेच कष्ट सोसावे लागले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे बडोदा कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. अरविंद घोष त्या कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांच्या विचारांचा तरुण जगन्नाथवर खोल संस्कार झाला. दुसरे दैवत अर्थातच लोकमान्य टिळक. देशकार्यासाठी आयुष्य वेचायचे आणि अविवाहित राहायचे, हा निश्चय त्यांनी त्याच वयात केला.

बडोद्याला त्यांना आणखी एक विद्यापीठ लाभले. ते म्हणजे जुम्मादादा व्यायाममंदिर. तेथे १९०७ पासून सुमारे तीन वर्षे प्रा. माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. शरीर हे शिस्तीने घडवण्याचे साधन आहे, ही जाणीव त्यांना आखाड्याच्या मातीत मिळाली. पदवी घेतल्यानंतर ते खानदेशात अंमळनेरला गेले. पुढे साने गुरुजींच्या वास्तव्याने महाराष्ट्राच्या मनात ज्या गावाला कायमची जागा मिळाली, ते हेच अंमळनेर. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात गुणे यांनी स्वतःला झोकून दिले आणि १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीची संस्था परकीय सरकारच्या डोळ्यांत सलणारच. काही वर्षांतच ते महाविद्यालय बंद पडले.

या काळात त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९१९ साली. बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत असत. त्यांच्याकडे गुणे यांनी योगाची दीक्षा घेतली. माधवदासांचे दुसरे नामवंत शिष्य मणिभाई देसाई, म्हणजेच मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्री योगेंद्र. आधुनिक काळात योगाला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेणारे दोन पुरुष एकाच गुरूच्या सहवासातून बाहेर पडावेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

क्ष-किरणांसमोर नौली

गुणे हे श्रद्धावान शिष्य होते, पण चिकित्सक होते. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांनी शरीरात निश्चितपणे काहीतरी घडते, हा त्यांचा अनुभव होता. नेमके काय घडते, हे मात्र ग्रंथांतील नाडी आणि चक्रांच्या भाषेतून आधुनिक वैद्याला समजावून देणे शक्य नव्हते. म्हणून १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत, काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी उड्डीयान बंध आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौलीच्या वेळी पोटाच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे पुढे दाबमापकाने सिद्ध झाले. पाणी आत ओढले जाण्याचे कारण हेच. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. ज्या काळात योग म्हणजे चमत्कार किंवा भोंदूगिरी असे सुशिक्षितांचे दोन तट होते, त्या काळात हा तिसरा मार्ग होता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. त्याची रचनाच उद्देश सांगणारी होती. एका विभागात प्रयोगांचे निष्कर्ष, आकडे, तक्ते आणि क्ष-किरण चित्रे, तर दुसऱ्या विभागात सामान्य वाचकाला करता येतील अशी आसने आणि त्यांचे विवरण. स्वामी कुवलयानंद हे नाव आता रूढ झाले होते. महात्मा गांधींनी १९२७ साली प्रकृतीच्या तक्रारींबाबत त्यांचा सल्ला घेतला. पुढे मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ साली मरीन ड्राइव्हवर तिला कायमची वास्तू मिळाली. मुंबईत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती इमारत बसमधून शेकडो वेळा पाहिली असेल.

प्राणवायूचा हिशेब

कुवलयानंदांच्या प्रयोगांपैकी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते प्राणायामावरचे. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या श्वसनात शरीर किती प्राणवायू शोषते आणि किती कर्बवायू बाहेर टाकते, याची मोजमापे केली. हिशेब असा निघाला की, पूरक, कुंभक आणि रेचक यांनी बांधलेल्या संथ प्राणायामात दर मिनिटाला शोषला जाणारा प्राणवायू साध्या श्वसनापेक्षा जास्त नसतो. संथ प्राणायामात मिनिटाला श्वासांची संख्या इतकी घटते की प्रत्येक श्वास मोठा असला तरी एकूण बेरीज वाढत नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या साठ्यात शोधू नये, ते मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात शोधावे, अशी भूमिका त्यांनी आपल्या प्राणायामावरील पुस्तकात मांडली.

या निष्कर्षाचे धैर्य आज सहज लक्षात येत नाही. त्या वेळी युरोप-अमेरिकेत दीर्घश्वसनाचे मोठे वेड होते आणि योगाचा प्रसार करणारे अनेक जण अधिक प्राणवायूचे आमिष दाखवूनच शिष्य मिळवत होते. कुवलयानंदांना हे प्रचाराचे साधन आयते मिळत होते. त्यांनी ते नाकारले.

त्यांच्या मोजमापांना मर्यादाही होत्या. प्रयोगात सहभागी माणसे थोडी आणि बहुतेक आश्रमातलीच असत. आजच्या पद्धतीप्रमाणे तुलनेसाठी स्वतंत्र गट नसे. शिवाय सर्वांचे आकडे जुळलेही नाहीत. येल विद्यापीठातील संशोधक कोवूर थॉमस बेहानन हे कुवलयानंदांकडे प्राणायाम शिकले आणि त्यांनी स्वतःवर प्रयोग करून १९३७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीत उज्जायीमध्ये प्राणवायूचा वापर २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. वरवर पाहता हा गुरूच्या निष्कर्षाला छेद होता. पण वापर वाढणे आणि साठा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणीवपूर्वक श्वास ओढायला स्नायूंना श्रम पडतात आणि ते श्रम प्राणवायू खर्च करतात. दोघांच्याही आकड्यांतून, दीर्घ श्वासाने रक्तात प्राणवायूची गंगाजळी साचते, असे कुठेच सिद्ध होत नव्हते.

त्याचे कारण साधे आहे. समुद्रसपाटीवर निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. हिमोग्लोबिनची सुमारे ९७ ते ९८ टक्के जागा व्यापलेली असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून उपयोग नसतो. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तात मोठा फरक पडतो तो दुसऱ्याच वायूत. कर्बवायू झपाट्याने बाहेर फेकला जातो.

निरोप नेणारी रसायने

कर्बवायूचे महत्त्व कळायला श्वास कोण चालवतो हे पाहावे लागते. ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले की, एरवीच्या आयुष्यात श्वासाचा लगाम प्राणवायूच्या हाती नसून कर्बवायूच्या हाती असतो. रक्तात कर्बवायू किंचित वाढला तरी श्वास आपोआप खोल होतो. मग प्राणवायू कमी पडला तर त्याची दखल कोण घेतो? या प्रश्नाचे उत्तर कुवलयानंद लोणावळ्यात प्रयोग करत होते त्याच वर्षांत युरोपात मिळत होते. मानेत, मुख्य धमनी जेथे दुभागते तेथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. तिला कॅरोटिड बॉडी म्हणतात. माद्रिदच्या फर्नांडो दे कास्त्रो यांनी तिची सूक्ष्म रचना तपासून, हा अवयव रक्ताची चव घेणारा असावा, असे अनुमान केले. बेल्जियममधील गेंट येथील कॉर्नेल हेमन्स यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि १९३८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पुढच्या संशोधनाने या निरोपाची वाट अधिक स्पष्ट केली. रक्तातील प्राणवायू घटला की कॅरोटिड बॉडीतील पेशी काही रसायने सोडतात. त्यांत एटीपी हे प्रमुख. एरवी पेशीला ऊर्जा पुरवणारा हा रेणू येथे निरोप्याचे काम करतो. तो निरोप मज्जातंतूवरून मेंदूच्या देठापर्यंत, म्हणजे मेंदू आणि पाठीचा कणा यांना जोडणाऱ्या भागापर्यंत पोहोचतो. तेथे ग्लुटामेट हे दुसरे रसायन तो पुढे नेते. मेंदूच्या याच देठात श्वासाची लय निर्माण करणारा पेशींचा एक छोटा समूह आहे. तो १९९१ मध्ये ओळखला गेला. निरोप त्याच्यापर्यंत पोहोचताच लय वेगावते, छातीच्या पडद्याला आज्ञा जाते आणि आपण भराभर श्वास घेऊ लागतो. हे सारे काही सेकंदांत घडते.

पण गोष्ट येथे संपत नाही. प्राणवायू कमीच राहिला तर काही मिनिटांनी श्वासाचा हा वाढलेला जोर थोडा ओसरतो. मेंदूत अॅडेनोसिन, गाबा यांसारखी आवर घालणारी रसायने वाढतात आणि लय मंदावते. त्याच वेळी मेंदूतील ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी स्वतः एटीपी सोडून श्वासाला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न करतात. कर्बवायूची वाढ ओळखणाऱ्या पेशी मेंदूच्या देठाच्या पृष्ठभागाजवळ असतात आणि सेरोटोनिन हे रसायन त्यांच्या कामाला बळ देते. झोपेत गुदमरले तर जाग यावी, यातही सेरोटोनिनचा वाटा असतो. थोडक्यात, प्रत्येक श्वासामागे प्रोत्साहन देणारी आणि आवर घालणारी रसायने यांची एक अखंड वाटाघाट चालू असते. प्राणायाम करणारा माणूस काही काळ या वाटाघाटीत स्वतःच्या इच्छेने हस्तक्षेप करतो.

यातील बहुतेक तपशील कुवलयानंदांच्या हयातीत कोणालाच माहीत नव्हता. तरीही प्राणायामाचे मर्म फुप्फुसांपेक्षा मज्जासंस्थेत आहे, ही त्यांची दिशा पुढील संशोधनाशी बरीच जुळली. बेल्जियममधील संशोधकांनी १९८१ साली हठयोगाच्या जुन्या अभ्यासकांची तपासणी केली, तेव्हा कर्बवायू वाढल्यावर त्यांचा श्वास इतरांइतका उसळत नाही असे आढळले. इटलीतील एका गटाने २००० साली प्राणवायू कमी करून अशीच चाचणी घेतली. तेथेही योगाभ्यासकांचा प्रतिसाद सौम्य होता आणि संथ श्वसनाने तो आणखी सौम्य होत होता. सरावाने मेंदूच्या धोक्याच्या घंटेचा आवाज कमी होतो, असा याचा अर्थ. हा लाभही आहे आणि जोखीमही, कारण घंटा मंद झाली म्हणून धोका कमी होत नाही.

हवाबंद खड्डा

कुवलयानंदांच्या काळात योगी दिवसेंदिवस जमिनीखाली गाडून घेऊन जिवंत राहतात, अशा कथा देशभर प्रसिद्ध होत्या. या कथांचे काय करायचे, हा प्रश्न योगाच्या वैज्ञानिक अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नव्हता. कैवल्यधामने त्यावरही मोजमापाचाच मार्ग धरला. संस्थेत हवाबंद खड्ड्यात माणसांना बसवून आतील हवेतील प्राणवायू आणि कर्बवायू यांचे प्रमाण कसे बदलते, हे पाहण्यात आले. करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर स्वामीजी हयात नव्हते. पण पद्धत त्यांचीच होती. अशा बंद जागेत माणसाला आधी असह्य होतो तो वाढता कर्बवायू. सरावलेला माणूस तो अधिक काळ सोसू शकतो. चमत्काराच्या जागी सोसण्याची एक मर्यादा आली आणि ती मर्यादा आकड्यांत मांडता आली.

आयुष्याच्या उत्तरार्धात स्वामीजींनी संस्थेचा पाया विस्तारला. शालेय व्यायामशिक्षणात योगाचा समावेश व्हावा म्हणून त्यांनी तत्कालीन मुंबई सरकारबरोबर काम केले. लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी योगोपचारांचे रुग्णालयही सुरू झाले. पुढे दमेकऱ्यांपासून मधुमेह्यांपर्यंत असंख्य रुग्ण तेथे येऊ लागले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. संस्था आजही चालू आहे आणि योगमीमांसाही प्रसिद्ध होत असते.

अरबी समुद्राच्या दोन तीरांवर

कुवलयानंद लोणावळ्यात उच्छ्वास मोजत होते, त्याच वर्षांत अरबी समुद्राच्या पलीकडे, आज आपण जेथे राहतो त्या किनाऱ्यावर, शेकडो वर्षांचा एक व्यवसाय मरणपंथाला लागला होता. येथील पाणबुडे उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारत. नाकाला हाडाचा किंवा कासवाच्या कवचाचा चिमटा, पायाला वजनदार दगड, कमरेला दोर, गळ्यात शिंपल्यांची टोपली, आणि जवळ हवा फक्त छातीत मावेल तेवढी. अशा बुड्या दिवसभर चालत. त्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि येथील व्यवहारही रुपयांतच होत. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा मोडला. या पाणबुड्यांचा आणि लोणावळ्याच्या स्वामींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण कुंभकाचा अभ्यास दोघांचाही होता. एकाचा आत्मसाधनेसाठी, दुसऱ्याचा पोटासाठी.

त्या पाणबुड्यांच्या व्यवस्थेत एक माणूस फार महत्त्वाचा असे. त्याला सैब म्हणत. तो नावेत दोर धरून उभा राही आणि खालून दोराला झटका बसताच पाणबुड्याला वर ओढून घेई. श्वास रोखलेल्या माणसाने एकटे राहायचे नाही, हा नियम त्या अनुभवी दर्यावर्दींनी शरीरशास्त्राच्या पुस्तकाविना शिकून घेतला होता.

आज हा नियम आपल्याला पुन्हा शिकण्याची गरज आहे. आपल्या इमारतींच्या तलावांत मुले आणि तरुण, एका श्वासात पाण्याखालून किती अंतर जाता येते, अशा पैजा लावतात. दुबईत नाद अल शिबा येथे ६० मीटर खोलीचा तलाव २०२१ पासून आहे. त्याची वास्तू मोत्यांच्या परंपरेची आठवण म्हणून शिंपल्याच्या आकाराची बांधली आहे. तेथे प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली श्वास रोखून बुडी मारण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. धोका असतो तो देखरेखीशिवाय केलेल्या धाडसात. पैज लावणारा मुलगा पाण्यात शिरण्यापूर्वी आठ-दहा वेळा जोरजोरात श्वास घेतो. अधिक प्राणवायू भरून घेतला, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात प्राणवायू जवळपास तेवढाच असतो; गेलेला असतो तो कर्बवायू. श्वास घेण्याची तीव्र इच्छा कर्बवायूमुळे होते, त्यामुळे ती इच्छाच उशिरा होते. दरम्यान प्राणवायू संपत आलेला असतो. कॅरोटिड बॉडीचा निरोप मेंदूपर्यंत जातो. पण कर्बवायू कमी असताना त्या निरोपाला पुरेसे बळ मिळत नाही. मुलाला गुदमरल्यासारखे न होताच त्याची शुद्ध हरपते आणि पाण्याखाली शुद्ध हरपणे म्हणजे काय, हे सांगायला नको. चांगले पोहता येणारी माणसेही अशा रीतीने दगावली आहेत.

सुटीत हिमालयात किंवा किलिमांजारोवर जाणाऱ्या मंडळींनाही हेच शास्त्र वेगळ्या रूपात भेटते. उंचीवर प्राणवायूचा दाब घटतो, कॅरोटिड बॉडी श्वास वाढवते आणि वाढलेल्या श्वासाने कर्बवायू कमी होतो. मग झोपेत मेंदूचे कर्बवायूवर लक्ष ठेवणारे केंद्र श्वास थांबवते, प्राणवायू आणखी घसरतो, पुन्हा दचकून श्वास सुरू होतो. पहिल्या रात्री तंबूत दम कोंडून जाग येते ती यामुळे. शरीराला या नव्या समतोलाशी जुळवून घ्यायला दिवस लागतात. प्राणायामाची सवय आहे म्हणून ते दिवस वगळता येत नाहीत.

हठयोगाच्या जुन्या ग्रंथांनीही प्राण हळूहळू, क्रमाक्रमानेच वश करावा आणि घाई केल्यास तो साधकाचाच घात करतो, अशी ताकीद दिली आहे. कुवलयानंद नवशिक्यांना कुंभकाविना प्राणायामाने आरंभ करायला सांगत. परंपरेचा सावधपणा आणि प्रयोगशाळेचा हिशेब त्यांच्या ठिकाणी एकत्र आले होते.

येत्या योगदिनी पुन्हा कोणी व्यासपीठावरून अधिक प्राणवायूची गोष्ट सांगेल. त्याला तिथेच थांबवून वाद घालण्याचे कारण नाही. संथ श्वासाने मन निवते, हा अनुभव खराच आहे. पण कार्यक्रम आटोपल्यावर घरी मुलांना एवढे जरूर सांगावे, की तलावात उतरण्यापूर्वी जोरजोरात श्वास घ्यायचा नाही आणि पाण्याखाली श्वास रोखायचा असेल तर काठावर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. लोणावळ्याच्या स्वामींचे मोजमाप आणि येथल्या पाणबुड्यांचा सैब, दोघांचेही सांगणे अखेर याच एका सूचनेशी येऊन मिळते.